पंखाच्या मागच्या फळीबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं त्या संध्याकाळपासून आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर, भाजीच्या गाडीपाशी, जिथे तिथे लोक छातीठोकपणे सांगत होते की फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी, उघडलेच नव्हते, व्हिडिओत दिसतच नाहीत. महिन्याभराने विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी एएआयबीचा प्राथमिक अहवाल आला, त्यात फ्लॅपचा हँडल ५ अंशांवर घट्ट बसलेला सापडला असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे टेकऑफला असतो तिथेच. हे मात्र कोणी फॉरवर्ड केलं नाही. ज्यांची माणसं गेली त्यांनी त्या महिन्यात काय काय वाचलं असेल हे मनात आलं की मला अजून त्रास होतो. पण नुसतं लोकांना बोलून काय उपयोग, फ्लॅप ही काय वस्तू आहे हे आपण मराठीत कधी नीट सांगितलंच नाही, एका ठिकाणी तर मी 'विमानाचे ब्रेक' असं छापलेलं वाचलं. म्हणून हे पत्र.

विंडो सीट पंखाच्या जरा मागे मिळाली तर बघा, उतरायच्या आधी घर्र असा आवाज येतो आणि पंखाची मागची कड मागे सरकत सरकत खाली झुकते. हे कशासाठी, तर वर ताशी ८५० किलोमीटरने जाणारं विमान उतरताना साधारण २५० वर आणावं लागतं आणि लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारा हवेचा जोर, ही स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात असते, स्पीड निम्मा केला की लिफ्ट चौथाई. वरची हवा पातळ असते, खाली दाट, ते धरूनसुद्धा हिशोब असा येतो की उतरताना त्याच पंखाकडून तिपटीहून जास्त काम करून घ्यायचंय. मग पंख कायमचाच मोठा आणि जास्त बाकदार का करत नाहीत? कारण तो वर गेल्यावर ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा अडथळा, वाढवणार, इंधन खाणार. म्हणजे एकाच पंखाला दोन वेगवेगळे पंख व्हायचंय, आणि फ्लॅपचं सगळं डिझाइन या एका अडचणीतून आलंय.

जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमानातून, त्याला फ्लॅप नव्हतेच, चाकांच्या दांड्यावरचं आवरण आडवं फिरवायचं म्हणजे हवा अडायची, तेवढाच काय तो आधार. विमान हलकं होतं, भागून गेलं. पुढे विमानं जड आणि वेगवान झाली आणि तेवढ्यावर भागेना. हार्लन फाउलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२० च्या दशकात जी कल्पना काढली ती मला अजूनही सगळ्यात सुंदर वाटते, त्याने फळी नुसती खाली वाकवली नाही तर आधी मागे सरकवली, म्हणजे बाक तर वाढलाच शिवाय पंखाचं क्षेत्रफळही वाढलं. आजच्या बहुतेक प्रवासी विमानांचे फ्लॅप त्याच घराण्यातले. पंखाखाली होडीसारखे लांबट डबे असतात ना, त्यांच्या आत ती सरकवायची यंत्रणा असते.

आणि किती उघडायचे हेही प्रत्येक वेळी वेगळं. बोइंग ७३७ विमानात फ्लॅपच्या लिव्हरवर १, २, ५, १०, १५, २५, ३०, ४० असे आकडे असतात. टेकऑफला लिफ्ट हवी पण ड्रॅग नको, म्हणून बरेचदा ५ सारखा छोटा आकडा. लँडिंगला ३० किंवा ४०, तेव्हा ड्रॅगही हवाच असतो. टेकऑफला मोबाइलच्या व्हिडिओत लांबून फ्लॅप दिसत नाहीत ते यामुळेच. आणि ते खरोखरच विसरले तर काय होतं ते २००८ मध्ये माद्रिदला दिसलं, फ्लॅप न उघडता विमान उचललं, वॉर्निंगही वाजली नाही, १५४ माणसं गेली.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी भाची मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने आणि तीन मैत्रिणींनी प्रोजेक्टला ॲडजस्टेबल फ्लॅप हा विषय मागितला, तर कॉलेजात उत्तर मिळालं की हे एरोनॉटिकलवाल्यांचं काम, तुम्ही दुसरा टॉपिक घ्या. कॉलेजचं नाव लिहीत नाही, असं बऱ्याच ठिकाणी होत असणार. पोरींनी दुसरा टॉपिक घेतला आणि हा आमच्या गच्चीवर केला. पंखावरून हवा सोडून बघायला प्लायवूडचा बोगदा, एका टोकाला एक्झॉस्ट फॅन, हवा सरळ यावी म्हणून स्ट्रॉ चिकटवून केलेली जाळी, थर्माकोलचा पंख, फळीला छोटी सर्व्हो मोटर, खाली स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि पंखाच्या पाठीवर लोकरीचे बोटभर धागे. फळी थोडी वाकवली की काट्यावरचा आकडा बदलायचा, लिफ्ट वाढलेली कळायची. आणखी वाकवली की एका ठरावीक कोनानंतर फळीवरचे धागे फडफडायला लागायचे, उलटे वळायचे, म्हणजे हवा पृष्ठभाग सोडून गेली, आता पुढे फायदा नाही नुसता ड्रॅग. मग त्यांनी पंख आणि फळी यांच्यात एक बारीक फट ठेवली, खालची हवा त्या फटीतून वर येऊन फळीच्या पाठीवरून वाहते, आणि त्याच कोनाला धागे परत सपाट झोपले. फट जरा जास्त झाली की परत फडफड. किती फट ठेवायची यावर त्या चौघींचा एक आख्खा रविवार गेला. मी तिथेच चहा घेऊन उभा होतो, फाउलरचा फ्लॅप मी आयुष्यभर पुस्तकातून वाचला पण कळला त्या दिवशी.

हा विषय जुना झालाय असं कोणी समजू नये. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये क्रूझमध्ये, म्हणजे वर एका उंचीवर सरळ जातानासुद्धा फ्लॅप कणभर वरखाली होतात, इंधन जळून विमान हलकं होत जातं तसा पंखाचा बाक जुळवून घेतात. त्याच्याही पुढचं म्हणजे फटच नको, सांधाच नको, कड रबरासारखी सलग वाकू दे. हे काम अमेरिकेत मिशिगनला श्रीधर कोटा यांनी केलंय, ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून मेकॅनिकल शिकलेले, हो, मेकॅनिकलच. त्यांच्या फ्लेक्ससिस कंपनीचे फ्लॅप नासाने एका गल्फस्ट्रीम विमानाला लावून २०१४-१५ मध्ये २२ उड्डाणं केली, उणे २ पासून ३० अंशांपर्यंत, तेही सावधपणे, एका उड्डाणात एकच कोन पक्का ठेवून. सांधे आणि फटी गेल्या की आवाजही कमी होतो, विमानतळाशेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण अशी कड फाउलरसारखी मागे सरकून क्षेत्रफळ वाढवत नाही, म्हणजे एक मिळवलं तर दुसरं सुटतं, अजून करण्यासारखं भरपूर बाकी आहे.

आपल्याकडेही कामं होतायत, बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान संशोधन संस्थेचं हंसा-एनजी हे शिकाऊ पायलटांसाठीचं विमान विजेवर चालणारे फ्लॅप घेऊन २०२१ मध्ये उडालं, नाशिकला एचएएलच्या विमान कारखान्यात तेजस लढाऊ विमानाची लाइन सुरू झालीय. या ठिकाणी उद्या माणसं लागणार ती आपल्याच कॉलेजांतून जाणार ना? मग प्रोजेक्टला हा विषय मागणाऱ्या मुलांना शाखेचं कारण सांगून परत पाठवू नका, एवढं माझं प्राध्यापक मंडळींना कळकळीचं सांगणं आहे. बोगद्याला लागणारं सगळं सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

आणि तुमच्याकडे एक मागणं. विज्ञानाच्या पानावर पंखाचा आडवा छेद तीनदा छापा, एकदा फ्लॅप बंद, एकदा ५ अंशांवर आणि एकदा ३० वर. अर्धा कॉलम पुरेल.

आपला नियमित वाचक,
नाशिक