क्वीन मेरीच्या इंजिनरूममधून

ती. बाबांस व ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला जाऊन ‘क्वीन मेरी’ ही जुनी प्रवासी बोट बघून आले. बाबा, तुमची उभी नोकरी बोटीच्या पोटात गेली, म्हणून बाकीची मंडळी वर डेकवर वारा खात होती तेव्हा मी पहिल्यांदा खाली जाणारा जिना शोधला.

दोन इंजिनरूमपैकी मागची तेवढी राखली आहे. टर्बाइन, पाइप, गेज जागच्या जागी आहेत, पण आवाज नाही, उष्णता नाही. तुम्ही सुट्टीवर आलात की पहिले काही दिवस आमच्याशीही ओरडून बोलायचात, ते तिथे उभी असताना आठवलं. 27 बॉयलर होते, एकही उरलेला नाही. इथे आणल्यावर आतली जागा मोकळी करताना सगळे काढून टाकले. बोट पुढे ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी तीन काढले. चौथा पाण्यातच आहे, तो दिसावा म्हणून बोटीच्या बाहेरच्या अंगाला एक बंदिस्त खोली केली आहे. कठड्यावरून वाकलं की खाली दिव्याच्या उजेडात ते प्रचंड पातं दिसतं. मी तिथे बराच वेळ उभी होते.

हिचं बांधकाम 1930 च्या डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये, क्लाइडबँकला सुरू झालं. वर्षभरातच मंदीमुळे पैसा संपला आणि काम थांबलं. दोन वर्षांहून जास्त काळ तो सांगाडा तसाच उभा होता. नाव नव्हतं, नुसता 534 हा क्रमांक. सरकारने कर्ज दिल्यावर 1934 मध्ये पुन्हा हातोडे वाजू लागले. 27 मे 1936 ला ती साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला पहिल्या फेरीवर निघाली, आणि 1938 पासून 1952 पर्यंत वेगात तिला कुणी मागे टाकू शकलं नाही.

मग युद्ध आलं. करड्या रंगात रंगवून तिच्यातून सैनिक नेले. 1943 च्या जुलैत एकाच फेरीत 16,683 माणसं होती! बाबा, एवढ्यांचं पिण्याचं पाणी कसं पुरवलं असेल, हे तुम्हीच सांगू शकाल.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. 2 ऑक्टोबर 1942 ला आयर्लंडच्या उत्तरेला हिच्याच रक्षणासाठी आलेल्या ‘कुराकोआ’ या युद्धनौकेला हिची धडक बसली आणि त्या नौकेचे दोन तुकडे झाले. पाणबुड्यांच्या भीतीने कशासाठीही न थांबण्याचा हुकूम होता, म्हणून ही थांबली नाही. तीनशेहून जास्त खलाशी गेले. खाली इंजिनवर असलेल्यांना काय कळलं असेल? नुसता एक हादरा? तुम्ही समुद्रावरचं वाईट कधी घरी बोलला नाहीत, म्हणून आज विचारतेय.

आई, तुझ्यासाठी एक. युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, अमेरिकन सैनिकांशी लग्न केलेल्या हजारो मुली याच बोटीतून सासरी आल्या, कित्येकींच्या कडेवर तान्ही बाळं होती. मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा तू विमानतळावर रडली नाहीस, घरी जाऊन रडलीस, हे मला बाबांनी नंतर सांगितलं. त्या मुलींच्या आयांना तर परतीचं तिकीट केव्हा निघेल हेही ठाऊक नसणार.

पुढे जेट विमानं आली, आणि पाच दिवस बोटीत कोण घालवणार? लाँग बीच शहराने तिला साडेचौतीस लाख डॉलरला विकत घेतलं. पनामा कालव्यात ती मावत नव्हती, म्हणून केप हॉर्नला वळसा घालून 9 डिसेंबर 1967 ला इथे पोहोचली. 1971 पासून लोक बघायला येतात, आता ती हॉटेलही आहे. मोडीत निघाली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

बाबा, सोबत इंजिनरूमचे फोटो पाठवलेत. तिसऱ्या फोटोत उजवीकडे लाल रंगाचं मोठं चाक दिसतंय. ते कशाचं, ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
मनू