ई-सायकल कोणाच्या मापाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-सायकलींची माहिती आपल्या अंकात अधूनमधून येते, ती मी आवर्जून वाचतो. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, किंमत किती, चार्ज व्हायला किती तास, सगळं असतं. फक्त ती किती उंचीच्या माणसाला होते, हे कुठेच नसतं. माझी उंची ६ फूट ३ इंच. गेल्या तीन महिन्यांत साताऱ्यात आणि पुण्यात मिळून पाच दुकानं पालथी घातली, म्हणून हे पत्र.

मला सायकल हवी ती पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढायला. वय ५६, गुडघे कुरकुरायला लागलेत. २५० वॅटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा पाळणाऱ्या सायकलीला ना पासिंग लागतं, ना लायसन्स. माझं काम तेवढ्यात भागतं.

पहिल्याच दुकानात बसलो तर गुडघे हँडलला लागले. पोरानं सीट वर ओढली. सीट पोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, खालच्या बाजूला एक आडवी रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. तेवढी नळी आत नसेल तर पोस्ट वाकते, नाहीतर फ्रेमच चिरते. पोरानं ती रेघ चांगली दोन बोटं बाहेर काढली आणि म्हणाला, "आता बसा काका." मी ९४ किलोचा. नाही बसलो.

घरी येऊन माप घेतलं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांत पुठ्ठ्याची वही घट्ट वर दाबायची आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. माझे ९२ सेंटिमीटर भरले. त्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत किती अंतर हवं ते ढोबळमानाने कळतं. माझं आलं ८१. मग टेप खिशात घालूनच दुकानांत गेलो. रेघ आत ठेवून ७३ च्या वर एकही सायकल जाईना, २९ इंची चाकांचीसुद्धा. चाक मोठं म्हणजे फ्रेम मोठी, हा माझाही गैरसमज होता. आठ सेंटिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण तेवढ्यानं पाय सरळच होत नाही. ज्या गुडघ्यासाठी मोटर घ्यायची, त्यालाच शिक्षा!

"लांब पोस्ट टाकून देतो," असं एक जण म्हणाला. जाडी जुळली तर टाकता येते. पण सीट वर आणि हँडल खाली राहिलं की सगळा भार मनगटांवर येतो. हँडल उचलावं तर ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी वायर, थ्रॉटलची (पिळली की पेडलशिवाय मोटर चालवणाऱ्या मुठीची) वायर, डिस्प्लेची वायर, सगळ्या मोजूनमापून सोडलेल्या. वर घेऊन हँडल वळवलं की ताणतात. आणि वायरिंगला हात लावला की वॉरंटी गेली, हेही त्यानंच सांगितलं.

सगळ्यात भारी उत्तर पुण्यात मिळालं : "पेडल मारायचंच कशाला काका, थ्रॉटल पिळा की!" अहो, खऱ्या चढाला २५० वॅटवर माझ्यासारखं धूड एकट्या मोटरनं चढत नाही. पेडल मारावंच लागतं.

माझा भाचा नेदरलँड्सला आहे. तिकडे एकच मॉडेल ५७, ६१, ६५ सेंटिमीटर अशा फ्रेममध्ये मिळतं. ती माणसं उंच, मान्य. पण आमच्या मंडळी ४ फूट ११ इंच, आणि इथल्या दुकानात मला लहान पडलेल्या त्याच सायकलीवर त्यांचे पाय टेकत नव्हते. चपलेला नंबर असतो, शर्टाला ४४ असतं, चाळीस हजारांच्या सायकलीला मात्र 'सगळ्यांना होते'.

तेव्हा विनंती एवढीच : पुढच्या वेळी रेंज आणि किमतीशेजारी फ्रेमचं माप आणि सीट कमीत कमी व जास्तीत जास्त किती उंच होते, हे दोन आकडे छापा. कंपन्यांकडे मागितल्याशिवाय ते मिळणार नाहीत, आणि आमच्यासारख्यांनी मागून कोणी देत नाही. सहा फुटांवरच्या कुणा वाचकाला बसलेली सायकल सापडली असेल, तर त्यानंही याच सदरात लिहावं. मी टेप घेऊन बघायला येतो.

आपला,
एक उंच वाचक, सातारा