सगळ्या पवनचक्क्यांचं उत्पादन सारखंच का उतरवता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वारा असूनही पवनचक्क्या बंद’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याला, वीज नको असली की उत्पादन उतरवावं लागतं, हे तिच्यात आलं आहे आणि ते बरोबरच आहे. जाळ्यातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखायची, तर कुणाला तरी हात आखडावाच लागतो. पण पन्नास यंत्रांच्या प्रकल्पाला ‘निम्म्यावर या’ असा आदेश आला, तर कोणत्या यंत्राने किती सोडायचं, हा खरा प्रश्न बातमीत आलाच नाही.

प्रत्येकाने निम्मं, हे कारकुनी उत्तर झालं. पुढच्या यंत्राने वाऱ्यातली ऊर्जा काढून घेतली की त्याच्यामागे मंदावलेली, घुसळलेली हवा जाते. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह या समुद्रातल्या प्रकल्पाचं फेब्रुवारी २००८ मधलं छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल: दमट हवेमुळे यंत्रांमागे धुक्याचे पांढरे पट्टे उमटलेत आणि ते थेट मागच्या रांगांवर जाऊन आदळताहेत. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग २० टक्क्यांनी घटला की ती जवळजवळ निम्मी होते. त्यामुळे मागच्या यंत्रांकडे शिल्लक अशी नसतेच. वारा जरासा पडला की त्यांना आपला वाटा झेपत नाही आणि सगळा प्रकल्प आदेशाच्या खाली घसरतो. आदेश यंत्रांमध्ये कमी-जास्त वाटून द्यावा, एक मागे पडलं तर दुसऱ्याने लगेच भरून काढावं, अशा नियंत्रण पद्धती त्यासाठी तयार होताहेत.

पण त्या तपासायच्या कुठे? चालू प्रकल्प प्रयोगाला कोण देणार? दिला तरी तोच वारा पुन्हा मिळत नाही. म्हणून युरोपात हे काम विंड टनेलमध्ये, म्हणजे आत वारा सोडून चाचण्या घेण्याच्या बोगद्यात, छोट्या प्रतिकृतींवर चालतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचं ‘जी-१’ मॉडेल जेमतेम १.१ मीटर व्यासाचं आहे, तरी त्याची पाती कोन बदलतात, तोंड वाऱ्यापासून वळवता येतं, टॉर्क (फिरवणारा जोर) मोजता येतो. मिलानच्या पॉलिटेक्निकच्या टनेलमध्ये अशी यंत्रं एकामागे एक लावून प्रयोग झाले आहेत. ओल्डेनबर्गच्या टनेलच्या तोंडाशी तर ८० फिरत्या दांड्यांची जाळी आहे. तिने तीच झुळूक हवी तितक्या वेळा पाठवा आणि दोन पद्धतींची तुलना करा!

या प्रतिकृतींना मर्यादा आहेतच. लहान पात्यांवरून हवा मोठ्या पात्यांसारखी वाहत नाही, म्हणून पात्यांचा आकार वेगळा निवडावा लागतो. शिवाय मॉडेल मिनिटाला आठशेच्या वर फेरे घेतं, त्यामुळे खऱ्या यंत्रापाशी मिनिटभर चालणारा बदल इथे सेकंदाच्या आसपास उरकतो आणि नियंत्रकालाही तेवढ्याच चपळाईने पळावं लागतं. तरीही कोणती युक्ती कागदावरच शोभते, हे टनेलमध्ये स्वस्तात कळतं. पुढचं यंत्र नुसतं मंद करून एकूण वीज वाढवायची कल्पना तिथेच फिकी पडली. त्याचं तोंड थोडं वळवून मागची हवा बाजूला सारण्याची टिकली. ही दुसरी युक्ती पुढे वायव्य भारतातल्या एका चालू प्रकल्पावर तपासली गेली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दिलेले आकडे असे: सेकंदाला ६ ते ८ मीटर वाऱ्यात सुमारे ३ टक्के जास्त वीज, सगळे वेग धरून १.२ टक्के.

आमच्या साताऱ्यातलं पवनचक्क्यांचं वनकुसवडे-चाळकेवाडीचं पठार मात्र समुद्रासारखं सपाट नाही. कड्यावरून वर चढणारा वारा मागच्या रांगेपर्यंत कसा पोहोचतो, हे युरोपातल्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. आयआयटी कानपूरमध्ये ३ मीटर बाय २.२५ मीटरचा राष्ट्रीय विंड टनेल आहे. आपल्या पठाराची आणि चार-पाच यंत्रांची प्रतिकृती करून उत्पादन उतरवण्याच्या पद्धती तिथे तपासायचा खर्च राज्याच्या ऊर्जा विभागाने उचलावा. निकाल आल्याशिवाय जुन्या यंत्रांच्या जागी नवी, मोठी यंत्रं बसवताना रांगांची आखणी पक्की करू नये.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)