साक्षीच्या दिवसाचे ऋण

जखमांचा दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीचे समन्स येते, तेव्हा अनेकदा रुग्णाचा चेहराही आठवणीतून पुसला गेलेला असतो. ६ वर्षांनी बोलावणे आले तेव्हा माझेही तसेच झाले. रेकॉर्ड रूममधल्या ज्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवस गठ्ठे उपसून कडा कुरतडलेली मूळ नोंदवही शोधून दिली, त्यांचे आभार शब्दांत मावणार नाहीत, कारण स्मृती ताजी करण्यासाठी न्यायालय साक्षीदाराला त्या वेळी स्वतः केलेली नोंद पाहू देते आणि उलटतपासणीत मला तेवढाच आधार होता. ‘आठवत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, अंदाज करू नका,’ असे बजावणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा, तसेच माझा थरथरता हात पाहून पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या न्यायालयातील शिपायांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.