तांदळाच्या डब्यातला फोन

वकीलताईंना सप्रेम नमस्कार,

तुम्ही आमच्याकडून एक रुपया घेतला नाहीत. निदान पत्र तरी नीट लिहावं म्हणून बसलेय.

दादा मानसोपचार वॉर्डात होता तेव्हा त्याचा फोन माझ्याकडे असायचा. आजार चढला होता त्या दोन महिन्यांत त्याने क्रेडिट कार्डांवर काय काय घेतलं, कुणाकुणाला वाटून टाकलं, ते आम्हाला वसुलीवाल्यांकडूनच कळत गेलं. सकाळी सातला पहिला फोन. आई दचकते म्हणून मी तो तांदळाच्या डब्यात ठेवायचे, तर तिथेही घुरघुरायचा. मग शेजारच्या काकूंना फोन गेला आणि भांडुपच्या आमच्या चाळीत लपवण्यासारखं काही उरलं नाही.

विधी सेवा प्राधिकरणात मी फी किती म्हणतच आत शिरले होते. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, असं 1987 च्या कायद्यातच आहे म्हणे! आमच्या चाळीत कुणालाच माहीत नव्हतं.

बोलता बोलता तुम्ही इंग्लंडचं सांगितलंत. तिथे 2021 पासून मानसिक संकटावरचे उपचार चालू असेपर्यंत, आणि वर 30 दिवस, व्याज, दंड, वसुली सगळं थांबवता येतं. मी विचारलं, आपल्याकडे? "नाही," म्हणालात, आणि लगेच कागद पुढे ओढलात. खोटी आशा न लावणारं त्या महिन्यात दुसरं कुणी भेटलं नाही.

डॉक्टरांचा दाखला जोडून बँकांना पत्रं गेली. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन नाही, घरच्यांना-ओळखीच्यांना त्रास नाही, हे रिझर्व्ह बँकेचेच नियम. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार. एका बँकेचं उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. तुम्ही हसलात. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

कर्ज माफ झालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमचे नातेवाईक तसंच समजून बसलेत. लोकअदालतीत दंड वगळून हप्ते ठरले, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलं) असा शेरा राहील हे सहीच्या आधी तुम्ही दादाला दोनदा समजावलंत. त्यालाच, मला नाही. आजारी पडल्यापासून सगळे त्याच्याबद्दल माझ्याशीच बोलत होते.

बुधवारी त्याने पहिला हप्ता स्वतः भरला. पावती सोबत आहे. तिच्या मागे त्याने तुमच्यासाठी काहीतरी लिहिलंय; मला वाचू दिलं नाही.

तुमची,
भांडुपची ती डब्यावाली