दोन होकार आणि एक अडलेलं उदाहरण

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

गणिताच्या पदवीसाठी मोठ्या आणि छोट्या अशा दोन्ही विद्यापीठांचे होकार आले हे फोनवर सांगितलं, तेव्हा बाबा, तुम्ही "मग प्रश्नच काय, मोठं घे" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आई, तू विचारलंस, "अडलीस तर कुणाला विचारशील?" त्या क्षणी मला दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही. फोनवर मी नेहमीच घाईत असते, म्हणून लिहिते आहे.

मोठ्याची बाजू आधी मांडते, कारण ती खरंच भक्कम आहे. शिष्यवृत्ती तेच देतायत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी निवडायला विषयांची रांग आहे : संख्या सिद्धांत, टोपॉलॉजी, गणिती तर्कशास्त्र, संभाव्यतेचेच चार वेगवेगळे अभ्यासक्रम. छोट्या विद्यापीठात यातले निम्मेही नाहीत. संख्या सिद्धांत तर एक वर्षाआड असतो, कारण तो शिकवणाऱ्या बाई एकच. त्या रजेवर गेल्या की विषयही रजेवर. आणि पदवीवरचं नाव कामाला येतं, हे चौदा वर्षं नोकरी केल्यावर मी नाकारणार नाही. अर्ज चाळणारा माणूस आधी तेच वाचतो.

पण मी दोन्हीकडच्या पहिल्या वर्षाच्या टिपणवह्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून वाचल्या. अर्ज करण्याआधीच वाचायला हव्या होत्या. दोन्ही पदव्यांचं नाव 'गणित'च आहे, पण आत विषय वेगळेच वाटावेत इतका फरक आहे. मोठ्याकडे पहिलं वर्षभर कलन, अवकल समीकरणं, सारण्या (मॅट्रिक्स), संख्याशास्त्र, थोडं प्रोग्रॅमिंग. सिद्धता दुसऱ्या वर्षी. छोट्याकडे पहिल्याच आठवड्यात 'वास्तव संख्या म्हणजे काय' आणि तिसऱ्या आठवड्यात एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे 'हवं तितकं जवळ' याची काटेकोर व्याख्या. एकीकडे प्रश्न असतो 'काढा', दुसरीकडे 'दाखवा'.

मोठ्याचा क्रम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. खरं तर तोच इतिहासाचा क्रम आहे. न्यूटन आणि लायब्निझ यांच्यानंतर दीडशे वर्षं लोकांनी कलन बिनधास्त वापरलं, पाया भक्कम करायला कोशी वगैरे गणितज्ञ मंडळी एकोणिसाव्या शतकात बसली. अठराव्या वर्षी बहुतेकांना हाच क्रम मानवतो, आणि अठराची असते तर मीही तिकडे गेले असते. पण माझं 'कसं काढायचं' आता चौदा वर्षांचं झालंय. विम्याचे हप्ते काढणारी सूत्रं मी रोज चालवते. मागे एका नव्या मुलाने विचारलं होतं, "ताई, या अनंत श्रेणीचं पदापदाने संकलन (इंटिग्रेशन) केलंय, ते चालतं का?" मी म्हटलं, "चालतं." त्याने विचारलं, "का?" मी म्हटलं, "आजवर चाललंय." बाबा, तुमच्या वर्गात हे उत्तर दिलं असतं तर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतं.

नंतर वाचलं की अशाच जागी खुद्द कोशीचंही पाऊल घसरलं होतं. संतत, म्हणजे कुठेही उडी न घेणाऱ्या, फलनांची श्रेणी एकवटली (बेरीज ठरावीक किमतीकडे गेली) तर तिची बेरीजही संततच असते, असं त्याने १८२१ साली छापलं. १८२६ मध्ये आबेल या गणितज्ञाने नम्रपणे लिहिलं की या प्रमेयाला अपवाद दिसतात. मला हे वाचून फार बरं वाटलं. कोशी चुकला म्हणून नव्हे, तर त्या मुलाचा प्रश्न बावळट नव्हता म्हणून.

आता आईचा प्रश्न. दोन्हीकडे एकेक दिवस जाऊन बसले. मोठ्याकडे पहिल्या वर्षाच्या व्याख्यानाला अडीचशे मुलं. ज्यांची नावं माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर आहेत, ते पहिल्या वर्षाला शिकवत नाहीत, हे विचारल्यावर कळलं. शंका विचारायला ठरावीक वेळ असते, ती वरच्या वर्गातले विद्यार्थी सांभाळतात. ती मुलं हुशार होती, मनमिळाऊही होती. पण रांग लांब होती आणि पुढच्यांना घाई होती.

छोट्याकडे सहा-सहा जणांचा गट असतो आणि दर आठवड्याला एक उदाहरणपत्रिका. त्या दिवशीच्या पत्रिकेतलं एक उदाहरण मीही सोडवून दिलं, नुसतं बघावं म्हणून. चार दिवसांनी कागद परत आला. तिसऱ्या ओळीपुढे लाल शाईत दोनच शब्द : "हे का?" मला वाटलं होतं ते उघड आहे. दोन तास घालवल्यावर कळलं की उघड नव्हतं, खरंही नव्हतं. आई, अडले तर विचारायला तिथे माणूस आहे. आणि अडलेय हे मला कळलेलंच नसेल तर तो आपणहून विचारेल. तू हा दुसरा भाग विचारला नव्हतास, पण तुझ्या मनात तोच असणार.

बाबा, तुम्ही म्हणाल, मोठ्या नावाशिवाय मोठं गणित होत नाही. यावर मी प्रतिउदाहरण शोधून ठेवलं होतं. ज्यांच्यातला फरक ७ कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, हे २०१३ मध्ये इतांग झांग यांनी सिद्ध केलं. तेव्हा ते न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवत होते आणि गणिताच्या जगात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. हो, शिकले होते ते नामांकित पेकिंग विद्यापीठात. तुम्ही ते शोधून काढालच, म्हणून आधीच सांगते. म्हणजे प्रतिउदाहरण लंगडं आहे. पण तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती, तो भाग मी माझ्यासाठी ठेवून घेते. मला काही मूळ संख्यांचं कोडं सोडवायचं नाहीये. पस्तिशीत पहिल्या बाकावर बसायची लाज कमी करायची आहे, एवढंच.

शिष्यवृत्ती सोडणं मात्र मला जड जातंय, ते लपवत नाही. पहिली दोन वर्षं साठवणीतून निघतील, तिसऱ्याला अर्धवेळ काम करावं लागेल. हिशेब तीनदा मांडलाय. बारावीनंतर तुम्ही "आधी पोटापाण्याचं बघ" म्हणालात, तेव्हा मी रागावले नव्हते असं इतकी वर्षं सांगत आले. थोडी रागावले होते. पण आज हा हिशेब जुळतोय तो त्या पोटापाण्यामुळेच, तेव्हा तो राग आता वजा करते.

तर मी छोट्याला होकार कळवते आहे. मुदत शुक्रवारची आहे. त्याआधी काही बोलायचं असेल तर जरूर बोला, पण नावावर नको, अभ्यासक्रमावर बोला. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आणि बाबा, एक काम. त्याच पत्रिकेतलं दुसरं उदाहरण. प्रत्येक अपरिमेय (अपूर्णांकात न मांडता येणाऱ्या) संख्येवर संतत आणि प्रत्येक परिमेय संख्येवर असंतत असं फलन द्या. हा अर्धा भाग मला सुटला : अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात म/न लिहायचा, तिथे किंमत १/न ठेवायची आणि अपरिमेय संख्येवर शून्य. अपरिमेय संख्येच्या अगदी जवळ लहान छेदाचे अपूर्णांक मावतच नाहीत, म्हणून जमतं. हे टोमे नावाच्या गणितज्ञाने १८७५ मध्ये दिलं होतं असं नंतर कळलं, तोवर मी दोन दिवस स्वतःवर खूश होते. उरलेला अर्धा भाग उलटा : परिमेयांवर संतत, अपरिमेयांवर असंतत असं फलन असू शकतं का? असू शकत नाही, हे व्होल्तेरा या गणितज्ञाने १८८१ मध्ये दाखवलं, आणि तेव्हा तो विद्यार्थीच होता. उत्तर 'नाही' आहे एवढं कळलंय. का नाही, तिथे सहा दिवस अडले आहे.

तुम्हाला सुटलं तर उत्तर लिहून आईजवळ ठेवा. मी मागितल्याशिवाय तिने द्यायचं नाही.

तुमची,
ताई