लेकीच्या वाढदिवसाची तयारी

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला तुम्ही सर्वजण येणार, हे वाचून घरात आनंदीआनंद झाला. तयारी कुठवर आली, असे विचारले आहेस म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न दिवसाचाच निघाला. आईला वाढदिवस तिथीनेच हवा; पण चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तिथी आणि तारीख यांची गाठ साधारण १९ वर्षांनी पडते, आणि तोवर लेक लग्नाच्या वयाची होईल. शेवटी तिथीला घरी औक्षण करून नातेवाइकांना जेवायला बोलवावे आणि मुलांचा कार्यक्रम रविवारी सोसायटीच्या सभागृहात करावा, असे ठरले. निरांजन, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी हे सारे तबक आई स्वतः मांडणार आहे. तेथे आमची लुडबुड चालत नाही.

खरी कसोटी पाहुण्यांच्या यादीची. लेकीने मोजकीच नावे सांगितली, त्यांत परवाच तिच्याशी कट्टी घेतलेली मैत्रीणही आहे. आम्ही मात्र सगळा वर्ग, कार्यालयातील सहकारी आणि शेजारी असे जोडत गेलो. यादी वाढली की खर्च वाढतो, हे तर झालेच. पण मोठ्यांच्या गर्दीत जिचा वाढदिवस तीच पेंगू लागते, हे मी अनेक घरी पाहिले आहे. म्हणून रविवारची यादी तिचीच ठेवली आणि वेळ दोनच तास. काही मंडळी रुसतील, त्यांना रुसू द्यावे.

सजावटीच्या थर्माकोलवर आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी आम्ही घोटीव कागदाच्या पताका कापतो, लेक त्या दोऱ्याला चिकटवते, आणि चिकटवता चिकटवता कोण कोणाशेजारी बसणार हे ठरवून पुन्हा बदलते. एवढ्या खटाटोपात मला सर्वांत आवडते ती हीच वेळ.

खाण्यात बिनतिखटाचे बटाटेवडे आणि बिनअंड्याचा केक आहे. एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचे त्याच्या आईने वेळीच कळवले, तेव्हा भेळ रद्द केली आणि वड्यांची चटणी व केक यांचीही चौकशी करून घेतली. आलेल्या मुलांना रंगीत खडू देणार आहोत. त्यावर अधिक चर्चा मी होऊच दिली नाही.

संगीत खुर्चीत गाणे थांबवण्याचे काम तुझ्याकडे ठेवले आहे. तेथे पुतणीचा पक्ष घेऊ नकोस, मुलांच्या ते लगेच लक्षात येते. गाडीचे आरक्षण झाले की कळव, म्हणजे स्टेशनवर घ्यायला येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र